सल्ला हवा: हातात धरून काढलेले फोटो हलतात, स्टॅबिलायझेशनवाली (हाताची थरथर सावरणारी) लेन्स घेऊ का? बजेट १५ हजार

बाळीवेसची:
नमस्कार. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे आणि सोबत आलेली १८-५५, एवढी एकच लेन्स. मागच्या गड्ड्याचे (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे) फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छान दिसत होते, कॉम्प्युटरवर मोठे केले तर बहुतेक हललेले. आमचे काका नंदीध्वजाला (यात्रेतल्या उंच मानाच्या काठीला) असतात, बाराबंदी घालून काठी तोलत चालताना त्यांचा चेहरा स्वच्छ यायला हवा एवढंच मला पाहिजे. अक्षता सोहळा दुपारी आणि होम रात्री, दोन्ही काढायचेत. ट्रायपॉड गर्दीत नेता येत नाही. बजेट १५ हजार, वर एक रुपया नाही. सेकंडहँड चालेल.

जुळेसोलापूर:
सरळ मिररलेस घ्या. मी कॅननचा आर७ घेतला, त्यात बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे म्हणजे आत सेन्सरच हलतो, कुठलीही जुनी लेन्स लावा फायदा मिळतोच. हिप्परगा तलावावर सूर्य बुडल्यावर १/१५ सेकंदाच्या शटरला हातात धरून काढलेत, काठावरचं गवतसुद्धा मोजता येतं. आर१० घेऊ नका, त्याच्या बॉडीत ते नाही. थोडं बजेट वाढवा, रोज रोज घेतो का आपण कॅमेरा.

कडक_भाकरी:
थोडं?? १५ हजार लिहिलंय त्यांनी, लाखाच्या वरचं काय सांगलालास बे. मित्रा, तू एक चांगला वजनदार ट्रायपॉड घे. माझा लोखंडासारखा आहे, वारा आला तरी हलत नाही.

बाळीवेसची:
दादा मी मित्र नाही, ताई आहे. आणि ट्रायपॉड नेता येत नाही हे वर लिहिलंय. बाळीवेसीत पाय ठेवायला जागा नसते, तिथे तीन पाय कुठे पसरू?

सातरस्ता:
ताई एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, स्वस्तात मिळते म्हणून ७५-३०० घेऊ नका. मला एका दुकानात "झूम मोठा आहे, सगळं जवळ येतं" असं सांगून दिली, घरी आल्यावर कळलं त्यात स्टॅबिलायझेशनच नाही. ३०० ला लावली की व्ह्यूफाइंडरमधलं चित्रच नाचतं, फोटो तर सोडाच. दुकानदार परत घेईना. लेन्सच्या अंगावर आयएस (कॅननचं स्टॅबिलायझेशनचं नाव) ही अक्षरं आहेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, निकॉनवर तेच व्हीआर, सोनीवर ओएसएस, टॅमरॉनवर व्हीसी. नाव वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

जुनारोल:
७५-३०० मध्ये आयएस नाही हे सरसकट बरोबर नाही. १९९५ साली कॅननने एसएलआरसाठी आयएसवाली पहिली लेन्स काढली ती ७५-३०० च होती. आता मिळते ती तिसरी आवृत्ती, तिच्यात नाही. आणि त्याच्याही आधी १९९४ ला निकॉनने फिल्मच्या कॅमेऱ्यात व्हीआर आणलं होतं. सेन्सर हलवायचं मिनोल्टाने २००३ ला केलं. आज जे नवीन म्हणून विकतात ते सगळं जुनं आहे.

सातरस्ता:
बरं, पण मी तिसरीबद्दलच बोलतोय. दुकानात तीच मिळते.

पुण्यातला_सोलापूरकर:
मोबाइल घ्या हो सरळ. माझ्या फोनचा नाइट मोड बघितला तर डीएसएलआर विकून टाकाल. यंदा हुरड्याला गावी आलो होतो, रात्री शेकोटीजवळचे सगळे फोटो फोनवरच.

नान्नज_माळरान:
नाइट मोड बऱ्याच फ्रेम एकावर एक जुळवतो, बसलेल्या माणसांवर मस्त चालतो, चालणाऱ्या माणसाचा चेहरा पुसट होतो. ताईंना चालणारा माणूस पाहिजे.

ताई, आधी हे सांगा, तुमच्या १८-५५ च्या कडेला स्टॅबिलायझर लिहिलेला स्विच आहे का आणि तो ऑन होता का? आणि हललेल्या फोटोची माहिती उघडून शटर स्पीड किती आहे ते बघा.

बाळीवेसची:
स्विच आहे, ऑनच होता, मी कधी हात लावला नाही. रात्रीचे बघितले, ५५ ला झूम, १/३० सेकंद, आयएसओ ८००. मग स्टॅबिलायझेशन असून हलले कसे? तेच कळेना म्हणून तर विचारलं.

नान्नज_माळरान:
इथंच सगळी गोम आहे. लेन्समध्ये जायरो असतो, तो तुमच्या हाताची थरथर ओळखतो आणि आतली एक काच उलट दिशेला सरकवतो. त्याला फक्त तुमचा हात कळतो, काका चालतात हे त्याला कळत नाही. १/३० ला काकांनी पाऊल टाकलं की फोटो गेला, मग ती लेन्स हजाराची असो की लाखाची. तुमच्या फोटोत मागची भिंत, दिव्याचा खांब बघा. ते स्वच्छ असतील आणि माणसंच पुसट असतील तर तुमचा हात आणि लेन्स दोन्ही ठीक आहेत.

हिशोब असा. हातात धरताना फोकल लेंग्थ जेवढी तेवढ्या भागाचा शटर तरी हवा, आणि १५००डी चा सेन्सर छोटा म्हणून १.६ ने गुणायचं. २५० ला झूम केलं तर ४०० झाले, म्हणजे १/४००. ५५-२५० आयएस एसटीएम साडेतीन स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ) सूट देते असं कॅनन म्हणतं, म्हणजे कागदावर १/४० च्या खालीसुद्धा चालेल. पण ही सूट उभ्या असलेल्या माणसासाठी. चालत्या काठीसाठी मी १/२५० च्या खाली जात नाही, आयएस असो नसो. दुपारच्या उन्हात ते सहज मिळतं. रात्री नाही मिळत, तिथं मोठं अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं तोंड, एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) लागतं, म्हणून ५० एमएम एफ १.८ घ्या. एफ ५.६ च्या मानाने जवळपास दहापट उजेड आत येतो. तिच्यात आयएस नाही पण तुम्हाला तिथं त्याची गरजच नाही. बजेटात बसते.

शेंगाचटणी:
५० एमएम घ्या. मी पण तेच सांगणार होतो. भारी लेन्स आहे.

कडक_भाकरी:
५० च. आणि ट्रायपॉडवर लावली तर अजून भारी.

जुळेसोलापूर:
ट्रायपॉडवर आयएस बंद करायचं असतं हे माहितीये का? नाहीतर उलट फोटो हलतो.

जुनारोल:
ते जुन्या लेन्सचं. बऱ्याच नव्या लेन्स स्वतः ओळखतात. शिवाय ५० एमएममध्ये आयएसच नाही तर बंद काय करणार?

जुळेसोलापूर:
मी जनरल सांगितलं. पॅनिंगचंही (चालत्या माणसामागे कॅमेरा फिरवत काढायचं) तसंच, ज्या लेन्सवर मोड २ आहे तिथं तो लावायचा, मग आडवी हालचाल ती धरत नाही, फक्त वरखाली सावरते.

सातरस्ता:
ताईंचा प्रश्न कुठं गेला आणि तुम्ही कुठं. ताई, अजून एक, बटण अर्धं दाबून क्षणभर थांबा, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर झालेलं दिसतं, मग पूर्ण दाबा. लोक धाडकन दाबतात आणि आयएसला शिव्या देतात. कोपर पोटाला टेकवा, डावा हात लेन्सच्या खालून, आणि एकाच्या जागी तीन-चार सलग काढा, मधला बहुतेक चांगला निघतो.

शेंगाचटणी:
५० घेतली की इथं फोटो टाका. कोणाला नान्नजला काळवीट बघायला यायचंय का रविवारी, गाडीत दोन जागा आहेत.

बाळीवेसची:
सगळ्यांचे आभार. भिंत बघितली, खरंच स्वच्छ आहे, काका आणि बाकीचे मानकरीच पुसट आहेत. नान्नजवाल्या दादांचं मला पूर्ण पटलं, तरी मी ५० घेत नाहीये, सेकंडहँड ५५-२५० आयएस एसटीएम घेतली. बजेटात बसली, आयएस ही अक्षरं वाचून, स्विच ऑन-ऑफ करून बघून घेतली.

कारण असं की ५० एमएमने चेहरा भरून येण्यासाठी काकांच्या अगदी पुढ्यात जावं लागतं, आणि त्या गर्दीत आम्हा बायकांना तेवढं पुढं जाता येत नाही. अक्षता होतात त्या संमती कट्ट्यापासून लांब उभं राहूनच बघतो आम्ही. मला दुपारचा अक्षतेचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा आहे, तिथं ऊन आहे, १/५०० लावीन, आणि आयएसमुळे लांबून चेहरा नीट धरता तरी येईल. होमाला १८-५५ च वापरीन, १८ ला, एफ ३.५, आयएसओ ३२००. तिथं लोक होम बघत उभे असतात, चालत नाहीत, म्हणजे जुनं आयएस तिथं कामाला येईल असं मला वाटतं.

नान्नज_माळरान:
लांबूनच काढायचं असेल तर बरोबर घेतली. उन्हात पांढरी बाराबंदी जळते, एक्सपोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली ठेवा. रात्री आयएसओ वाढवल्यामुळे दाणे दिसतील, दिसू द्या, दाणेदार चेहरा चालतो, हललेला नाही चालत.

कडक_भाकरी:
५० घ्यायला पाहिजे होती ताई. सांगून ठेवलालो.