मदत हवी आहे: जुन्या वाघाच्या चित्रावरचा रंग मूळचा की नंतरचा?

नमस्कार मंडळी. मामांच्या संग्रहातून वाघाचं एक छोटं छापील चित्र माझ्याकडे आलंय. खाली एडिंबराच्या लिझार्स या कोरीवकार-प्रकाशकाचं नाव आहे, म्हणजे बहुधा निसर्गअभ्यासक सर विल्यम जार्डिन यांच्या 'नॅचरलिस्ट्स लायब्ररी' या प्राण्यांवरच्या ४० खंडांच्या सचित्र मालिकेतलं (१८३३–१८४३) पान असावं.

भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसत नाहीत, बारीक कोरीव रेघा दिसतात. पाठीपाशी पिवळा रंग रेघेबाहेर गेलाय. तेव्हा रंग हातानेच दिलेला आहे, यात शंका नाही. (याच लिझार्सकडचे रंगारी १८२७ मध्ये संपावर गेले आणि अमेरिकी पक्षीचित्रकार ऑड्युबॉनने आपल्या पक्षीचित्रांचं काम लंडनच्या हॅवेल या कोरीवकाराकडे नेलं!)

घोळ पुढे आहे. या मालिकेत सहसा प्राणी तेवढा रंगवायचे, मागचा देखावा काळापांढराच सोडायचे. माझ्या पानावर मात्र गवतही हिरवंगार! भाव वाढावा म्हणून कुणा विक्रेत्याने नंतर हात फिरवला असेल का? कागदाला धक्का न लावता हे ओळखायची काही खूण आहे का? अतिनील दिव्याखाली पाहून काही कळेल? मुंबई-पुण्यात जुन्या कागदांच्या संवर्धनाचं काम करणारं कुणी माहीत असल्यास तेही सांगा. तोवर फ्रेम करणं थांबवलंय.