गाडी चालू असताना स्क्रीनने गप्प बसावं का?

कात्रज_बायपास
नवले पुलाच्या उतारावर पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट लागतात आणि नेमका तेव्हाच स्क्रीन विचारतो, 'नवीन फोन जोडायचा का?' सर्व्हिसिंगची आठवण, आलेला मेसेज, दार उघडं असल्याचा इशारा, सगळ्यांची टिंगटिंग सारखीच. ताशी ६० च्या वेगात दोन सेकंद नजर हटली की गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१३ मध्येच कंपन्यांना सुचवलं होतं की स्क्रीनवरच्या कामासाठी एका वेळी दोन सेकंदांहून जास्त पाहावं लागू नये आणि अख्खं काम बारा सेकंदांत उरकावं. इथे एसीचा पंखा कमी करायलाही मेन्यू शोधत बसावं लागतं.

स्टिअरिंग किती वळलंय, ब्रेक दाबलाय का, हे गाडीला कळतंच. मग वळणावर, ब्रेकवर असताना किरकोळ सूचना तिने अडवून ठेवावी आणि रस्ता मोकळा झाला की दाखवावी. व्होल्वोने ही सोय वीस वर्षांपूर्वीच दिली होती. चालक गुंतलेला असेल तर येणारा फोनसुद्धा थांबायचा.

पेठेतला_पार्किंगवाला
साफ असहमत. किरकोळ काय ते गाडीने ठरवायचं? उद्या घाटात चाकातली हवा कमी झाल्याचं ती सरळ रस्ता येईपर्यंत दाबून ठेवेल. आणि स्क्रीनला सरसकट झोडपू नका. पेठांतल्या एकेरी गल्ल्यांत नकाशा नसेल तर नवखा माणूस पाट्या वाचत, माना वळवत गाडी हाकतो. हात मोकळे हवेत तर तोंडाने आज्ञा द्या.

कात्रज_बायपास
हवेचा इशारा तत्काळच हवा, त्यावर वाद नाही. पण तोंडी आज्ञांनी डोकं मोकळं होत नाही. यूटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेअर यांच्या २०१५ च्या अभ्यासात आज्ञा देऊन झाल्यावरही लक्ष पूर्ण परतायला काही गाड्यांत २७ सेकंद लागले.

रात्रपाळी_कॅब
दादा, तुमची गाडी गप्प बसेल, माझ्या डॅशबोर्डवरचा मोबाईल नाही बसणार. कर्वे रस्त्यावर गर्दीत पुढच्या भाड्याची घंटी वाजते, मोजक्या सेकंदांत दाबलं नाही तर भाडं गेलं. २०२० पासूनचा नियम सांगतो की फोन फक्त रस्ता बघायला वापरा, तोही लक्ष विचलित न होता. दंड मात्र मला, घंटी वाजवणाऱ्याला काहीच नाही. प्रवासी उतरून गाडी उभी राहिली की मगच भाडं दाखवा, अशी सक्ती अ‍ॅपवाल्यांवर करा. ते न करता गाडीने घंटी अडवली तर माझं पोट मारलं जाईल.

चाकण_शिफ्ट
कॅबवाल्या दादांचं शंभर टक्के खरं. बटणांचंही बोला. २०२६ पासून युरो एनकॅपच्या, म्हणजे युरोपातल्या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीत पूर्ण गुण हवेत तर इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल स्क्रीनमध्ये कोंबून चालत नाही. आपल्याकडच्या तशाच चाचणीत, भारत एनकॅपमध्ये, हा निकष आला पाहिजे. पण शोरूममध्ये गिऱ्हाईक आधी स्क्रीन किती इंची तेच विचारतं, हेही आहे.

पेठेतला_पार्किंगवाला
बटणांचं मान्य, अ‍ॅपवरच्या सक्तीचंही. सूचना अडवण्याचं अजून पटत नाही. कुठली थांबवायची याची यादी मला करू द्या, तीही गाडी उभी असताना.