गाडीतल्या ओपन सोर्सची जबाबदारी पुरवठादारावर ढकलून भागेल का?

धागाकर्ता:
डॅशबोर्डच्या पडद्यामागचं लिनक्स पुरवठादार तयार करतो, सोबत घटकांची यादी देतो आणि गाडी कंपनी ती यादी फायलीला लावते. माझ्या मते याला परवान्याचं पालन म्हणता येत नाही. ग्राहकाच्या हातात गाडी कंपनी देते, म्हणजे वितरण तिचं. लिनक्सच्या गाभ्याचा (कर्नलचा) परवाना म्हणजे जीपीएल. त्याची १९९१ची दुसरी आवृत्ती सोर्ससोबत, म्हणजे मूळ कोडसोबत, तो बिल्ड (चालवता येईल असा तयार) आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टसुद्धा मागते. एका प्रकल्पात आम्ही फर्मवेअर, म्हणजे उपकरणात भरलेलं सॉफ्टवेअर, उघडून पाहिलं. बिझीबॉक्स या लिनक्सच्या छोट्या साधनसंचाची आवृत्ती यादीत एक, आत दुसरीच. यादी तीन बिल्ड आधीची निघाली! तेव्हापासून मी एकच विचारते: हा सोर्स तुमच्या मशीनवर स्वतः बिल्ड करून पाहिलात का?

प्रतिसाद १ (पुरवठादाराकडचा):
सपशेल असहमत. चिप कंपनीकडून आलेले ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) आम्हालाच बंद, म्हणजे सोर्सशिवाय, मिळतात. लिनक्स तयार करायच्या योक्टो या साधनाच्या लायसन्स मॅनिफेस्टमध्ये (परवान्यांच्या यादीत) त्यांच्यापुढे नुसतं 'क्लोज्ड'. जे आमच्याकडेच नाही ते पुढे कुठून देणार? आयएसओ ५२३० हे ओपन सोर्स परवाने पाळण्याचं मानक आलं ते याचसाठी, की प्रत्येक कडीने आपली प्रक्रिया नीट ठेवावी आणि पुढच्याने विश्वास ठेवावा. प्रत्येकाने पुन्हा सगळं तपासायचं, तर प्रमाणपत्र कशाला घेतलं आम्ही?

धागाकर्ता:
५२३० प्रक्रिया तपासतं, अमुक रिलीजमध्ये काय आहे याची हमी देत नाही. आणि बंद ड्रायव्हर कर्नलशी जोडलेले असतील, तर जीपीएल त्यांनाही लागू होतं का, हा प्रश्न चिप कंपनीला तुम्हीच विचारायला हवा, तोही चिप निवडतानाच.

प्रतिसाद २:
मुदतीचं कुणी बोलतच नाही. सोर्स सोबत न देता 'मागाल तेव्हा देऊ' अशी लेखी हमी दिली, तर ती किमान तीन वर्षं पाळावी लागते. मॉडेल सात वर्षं विकलं, तर पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीच्या हमीची मुदत संपेपर्यंत दहा वर्षं झाली. तेव्हाचा कंपायलर, टूलचेन (बिल्डच्या साधनांचा संच), बिल्ड सर्व्हर कोण जपणार? आमच्याकडे ते काम करणारा माणूस सोडून गेला आणि जुनं बिल्ड उभं करायला दीड महिना गेला.

प्रतिसाद १:
हे मात्र पटलं. मग करारात लिहा: सोर्स गाडी कंपनीच्या मशीनवर बिल्ड झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. पण ते कोटेशन मागवतानाच लिहा. गाडी बाजारात यायला दोन आठवडे उरले असताना हा मेल आला, की माझी माणसं रात्रभर बसतात आणि त्या घाईतच याद्या चुकतात.