मदत हवी आहे: माइनक्राफ्टमध्ये चॅट उघडतच नाही

वैतागलेला_बाप: सर्व्हरवर गेल्यावर टी दाबला तरी चॅटची पट्टी येत नाही. लाल अक्षरांत काहीतरी चमकतं नि जातं. गेम काढून पुन्हा टाकला. आज रात्रीच हवंय, पोराने डोकं खाल्लंय.

खाणकामगार: गेमची कुठली आवृत्ती, जावा की बेडरॉक? व्हर्जन नंबर? लाल ओळीत काय लिहिलंय तेच तर हवंय. एफ2 ने स्क्रीनशॉट घ्या.

गप्पाटप्पा: टायपिंगच्या नादी लागूच नका. डिस्कॉर्ड अ‍ॅपवर व्हॉइस चालू करा. क्रीपर, तो स्फोट करणारा राक्षस, मागे लागल्यावर टाइप कोण करतंय?

खाणकामगार: आणि बेसचे, म्हणजे आपल्या ठिकाणाचा पत्ता सांगणारे एक्स-वाय-झेड आकडे तोंडी सांगणार? लिहिलेलं वर सरकवून बघता तरी येतं.

रेडस्टोन_काका: server.properties नावाची फाइल... म्हणजे सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज उघडा, एन्फोर्स-सिक्युअर-प्रोफाइल फॉल्स करा, रीस्टार्ट. 1.19.1 पासूनचा घोळ आहे हा.

खाणकामगार: काका, त्या घोळात पट्टी उघडते, एंटर मारल्यावर नकार येतो. इथे पट्टीच येत नाहीये.

वैतागलेला_बाप: जावा, 1.20.4. 'चॅट नॉट अलाउड बाय अकाउंट सेटिंग्ज'. पण एकट्याने खेळताना पट्टी येते!

खाणकामगार: येणारच. ही बंदी अकाउंटवरची, ती फक्त सर्व्हरवर लागते, एकट्याच्या खेळात नाही. गेमच्या चॅट सेटिंगमध्ये 'हिडन' असतं तर एकट्यानेही उघडलं नसतं. अकाउंटवर वय किती टाकलंय?

वैतागलेला_बाप: 11. पोराचंच आहे. ते सांगायला हवं होतं का?

खाणकामगार: तेवढंच सांगायला हवं होतं. माइनक्राफ्टच्या अकाउंटच्या परवानग्या एक्सबॉक्सच्या साइटवर असतात; तिथे तुमच्या, म्हणजे पालकाच्या अकाउंटने शिरा. पोराच्या अकाउंटने शिरलात तर बदल करता येणार नाही. प्रायव्हसी अँड ऑनलाइन सेफ्टीमध्ये त्याचं प्रोफाइल निवडा. व्हॉइस, टेक्स्ट, इन्व्हाइट्सची ओळ 'ब्लॉक' दिसेल, तो ब्लॉक काढून परवानगी द्या, सेव्ह करा. मग गेम बंद, लाँचरमधून साइन आउट, परत साइन इन. गेम चालू ठेवून बदललंत तर जुनीच परवानगी राहते.

उत्तर_देतोच: एका मेसेजला 256 अक्षरं. स्पॅम मोजायला प्रत्येक मेसेजचे 20 गुण चढतात, सेकंदाला 20 उतरतात, 200 च्या वर गेलं की सर्व्हर हाकलतो. म्हणजे धडाधड अकरावा मेसेज टाकला की बाहेर. ऑपला, म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटरला, माफ.

रेडस्टोन_काका: हे कुणी विचारलं होतं?

वैतागलेला_बाप: उघडलं! पाच मिनिटांत 'किक्ड फॉर स्पॅमिंग' आलं. उत्तर_देतोच, पोराला ऑप कसं करायचं?