मदत हवी आहे : माळावरची जुनी निलगिरी काढावी का, आणि काढल्यास पुढे काय करावे?

नमस्कार.

जत तालुक्यात आमचा वडिलोपार्जित मुरमाड माळ आहे. 1980 च्या दशकात सामाजिक वनीकरणाचा जोर असताना, जनावरे या झाडाला तोंड लावत नाहीत आणि लाकडाला गिऱ्हाईक मिळते, या हिशेबाने वडिलांनी त्यावर निलगिरी लावली. तोड झाली की बुंध्याला पुन्हा फुटवे येतात, त्यामुळे तीच लागवड आजही उभी आहे. मात्र तिच्याखाली पूर्वीचे पवना, मारवेल, कुसळी हे गवत उरलेले नाही, तेलकट पाल्याचा थर लवकर कुजत नाही आणि उताराखालच्या विहिरीचे पाणी संक्रांतीनंतर टिकत नाही.

विहिरीचा सगळा दोष निलगिरीवर टाकणे मला योग्य वाटत नाही, कारण याच काळात आजूबाजूला द्राक्षबागांसाठी खोल कूपनलिका घेतल्या गेल्या. कर्नाटकात 1990 च्या आसपास निलगिरीच्या पाणीवापराच्या झालेल्या मोजणीतही सरसकट उत्तर मिळाले नव्हते. तुलनेने उथळ मातीत निलगिरीने तिथल्या पानझडी जंगलाइतकेच, म्हणजे नाचणीच्या पिकाच्या सुमारे दुप्पट पाणी घेतले; पण होस्कोटे येथील खोल मातीत मुळे झपाट्याने खाली जाऊन झाडांनी पडलेल्या पावसापेक्षाही अधिक पाणी वापरले. त्या राज्याने 2017 मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. आमच्याकडे वर जेमतेम दोन फूट माती, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण आहे. अशा ठिकाणी मुळे भेगांतून खोल जातात का, आणि ही जमीन पाण्याच्या दृष्टीने उथळ धरावी की खोल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दुसरी अडचण खोडक्यांची आहे. जेसीबीने ती उपटल्यास उतारावरची उरलीसुरली माती पहिल्याच वळवात वाहून जाईल आणि विहीर जवळ असल्याने तणनाशक वापरायचे नाही. फुटवे वारंवार मोडत राहिल्याने खोडके मरते का? तोड समपातळीवर पट्ट्यापट्ट्याने करावी की एकदम? वृक्षतोडीच्या परवानगीसाठी प्रथम कोणाकडे अर्ज करावा, हेही कळल्यास बरे होईल.

नातेवाईक रिकाम्या जागी दाट देशी झाडे लावण्याचा आग्रह धरत आहेत. मला ते पटत नाही. मुळात तो विरळ बोरी-हिवरांचा गवताळ माळ होता. पर्जन्यछायेतल्या अशा जमिनीवर कडुनिंब-करंजाची गर्दी केली, तरी गवताला ऊन मिळणार नाही आणि तित्तर, चिंकारा यांना हवा असलेला मोकळा माळ परत येणार नाही. (निलगिरीच्या फुलोऱ्यावर मधमाश्या मात्र भरपूर येतात, तेवढे तिच्या बाजूने म्हणावे लागेल.)

कमी पावसाच्या भागात निलगिरी काढून पुन्हा गवत आणण्याचा ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे, त्यांनी पाल्याचा थर गोळा केला की तसाच ठेवला, पवना-मारवेलचे बी किंवा ठोंब कोठून आणले आणि चराईबंदी किती वर्षे पाळली, हे कृपया सविस्तर लिहावे.