देवराईतल्या पडलेल्या बेहड्याला भिरूड?

प्रश्न: आमच्या राईत दोन पावसाळ्यांपूर्वी पडलेला बेहडा तसाच आहे. आता खोडातून भुसा गळतोय, कान लावला की चक्क कुरकुर ऐकू येते! काका म्हणतात, खोड पोखरणारा भिरूड किडा आहे, ओंडका जाळा. नाहीतर बागेतले आंबे जातील.

उत्तर १: जाळू नका हो! भिरूड जिवंत आंब्याचं खोड पोखरतो. मेलेलं लाकूड खाणारे भुंगेरे बहुतेक वेगळे, ते निरोगी झाडाकडे फिरकत नाहीत. त्यांच्या अळ्यांनी पाडलेल्या भोकांतून बुरशी आत शिरते, मग लाकडाची माती होते.

उत्तर २: अळ्या खायला सुतार पक्षी येतो का? आमच्याकडे अशाच ओंडक्यावर रोज टकटक.

प्रश्नकर्ता: येतो! काकांना उद्या तिथेच नेतो.