मदत हवी आहे: स्पॅनिशमधले चिडवण्याचे, पिडण्याचे आणि डिवचण्याचे शब्द

निळावंती
स्पॅनिशची बी-१ पातळी झाली आहे. पाठ्यपुस्तकात 'त्रास देणे' म्हणून एकच क्रियापद शिकवलं, मोलेस्तार. पण माद्रिद, माँतेरे, बोगोता आणि ब्वेनोस आयरेसच्या लोकांच्या गटातल्या गप्पा वाचताना दार ला लाता, कार्गार, मामार गायो, कारीया, बासिलार, पिकार असले शब्द येतात. कोश सगळ्यांना 'त्रास देणे, थट्टा करणे' एवढंच म्हणतो. यातले साधे कुठले, शिवराळ कुठले? कुठला शब्द कुठल्या देशात चालतो? आणि मराठीत नेमकं काय बसतं? उच्चार देवनागरीत दिलेत तर बरं होईल.

रानवारा
आधी तीन कप्पे वेगळे करा, कारण मराठीतही ते वेगळेच आहेत. कटकट करणं, पिरपिर लावणं, डोकं खाणं हा एक. चेष्टा, फिरकी घेणं, टर उडवणं हा दुसरा. खोडी काढणं, डिवचणं, उचकवणं हा तिसरा. तुमच्या यादीत दार ला लाता पहिल्यातला, कार्गार, कारीया आणि मामार गायो दुसऱ्यातले, पिकार तिसऱ्यातला. बासिलार देशाप्रमाणे कप्पा बदलतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

मोलेस्तारचा इंग्रजीतल्या मोलेस्टशी अर्थाने संबंध जोडू नका. लैंगिक छळाचा अर्थ त्यातून आपोआप निघत नाही. हॉटेलच्या दारावरच्या पाटीवर 'नो मोलेस्तार' असतं, म्हणजे 'त्रास देऊ नये'. 'ते मोलेस्ता सी आब्रो ला बेंताना?' म्हणजे 'खिडकी उघडली तर चालेल ना?' 'नो ते मोलेस्तेस' म्हणजे 'तू कष्ट घेऊ नकोस', आणि 'से मोलेस्तो' (शेवटच्या 'तो'वर जोर) म्हणजे 'त्याला राग आला'.

चूक होते ती रचनेत. 'यो मोलेस्तो' म्हणजे 'मी त्रास देतो'. 'मला त्रास होतो' म्हणायला 'मे मोलेस्ता'. इथे मराठी मदतीला येते. 'मला आवडतं' हे जसं 'मे गुस्ता', तसंच 'मला त्रास होतो' हे 'मे मोलेस्ता'. वाक्य 'मी'पासून सुरू करायचं नाही, 'मला'पासून करायचं. पुढे 'के' आलं आणि कर्ता बदलला की क्रियापद सबजंक्टिव्हमध्ये (भावना, इच्छा सांगताना येणाऱ्या रूपात) जातं: 'मे मोलेस्ता के ग्रीतेन' (ते ओरडतात याचा मला त्रास होतो). 'ग्रीतान' म्हणालात तर चूक.

आणखी एक: 'एस्तोय मोलेस्तो' म्हणजे मी वैतागलोय, 'सोय मोलेस्तो' म्हणजे मी त्रासदायक माणूस आहे. बाई बोलत असेल तर दोन्हीकडे मोलेस्ता.

कोकणकडा
स्पेनमधला कटकटीचा कप्पा 'दार' या क्रियापदावर उभा आहे. दार ला लाता (लाता म्हणजे पत्र्याचा डबा), दार ला ब्रासा (ब्रासा म्हणजे निखारा), दार ला ताबार्रा. तिन्ही साधे, घरात मुलांना सर्रास म्हणतात. 'ला' बदलत नाही. कोणाला ते 'मे, ते, ले' ने सांगायचं. 'नो मे देस ला लाता' म्हणजे 'कटकट करू नकोस'. 'देहा दे दारमे ला लाता' म्हणजे 'कटकट थांबव'. 'देहार दे'नंतर मूळ क्रियापद येतं. मेक्सिकोत हाच शब्द 'ला'शिवाय ऐकू येतो: 'नो देस लाता'. असं बोलणारा मेक्सिकोचा असण्याची शक्यता बरीच.

तोकार लास नारीथेस, शब्दशः नाकाला हात लावणं. स्पेनमध्ये चिडून म्हणतात, पण शिवी नाही. मूळ शिवराळ रूपातल्या अवयवाच्या जागी नाक आणलं आहे. मात्र 'तोकारसे लास नारीथेस' असं 'से' लागलं की अर्थ उलटतो: काही न करता माशा मारत बसणं. 'मे तोका लास नारीथेस' आणि 'से तोका लास नारीथेस' यात एका अक्षराचा फरक आहे, नीट वाचा.

पेसादो म्हणजे जड. 'के पेसादो एरेस' म्हणजे 'किती पिडतोस'. 'एस पेसादो' हा स्वभाव, 'एस्ता पेसादो' म्हणजे आज तसा वागतोय.

शब्दपारखी
मराठीतून जाताना मोठा खड्डा 'डोकं खाणे'चा. 'कोमेर ला काबेसा' किंवा स्पेनमधलं 'कोमेर एल कोको' म्हणजे कटकट नव्हे, कोणाच्या डोक्यात काहीतरी भरवणं, त्याला फिरवणं. 'से' लावून 'कोमेरसे एल कोको' म्हणजे स्वतःच विचार करत झुरणं. 'तो माझं डोकं खातोय' हे सांगायला 'मे एस्ता दांदो ला लाता' म्हणा, नाहीतर समोरच्याला वाटेल की तुमचं मन कोणीतरी वळवतंय.

दुसरा खड्डा प्रोबोकारचा. स्पेनमध्ये त्याचा अर्थ डिवचणं, चिथावणं. पण कोलंबियात 'ले प्रोबोका उन तिंतो?' असं विचारलं तर कोणी चिथावत नाही, 'काळी कॉफी घ्यावीशी वाटतेय का?' एवढाच प्रश्न आहे. व्हेनेझुएला आणि पेरूतही 'प्रोबोकार' असाच इच्छेसाठी वापरतात.

पिकार आणि पिकारसे ही जोडी मराठीशी फार सुंदर जुळते. आपण चिडवणे-चिडणे म्हणतो, ते पिकार-पिकारसे म्हणतात. पिकार म्हणजे डंख मारणे, खाजणे, तिखट लागणे, आणि पुढे डिवचणे. 'से पिको' (शेवटी जोर) म्हणजे 'त्याला मिरच्या झोंबल्या'. स्पेनमध्ये म्हण आहे: 'क्येन से पिका, आहोस कोमे', ज्याला झोंबतं त्यानेच लसूण खाल्लेला असतो. दोघांत 'पिके' आहे म्हणजे चढाओढ आहे. मेक्सिकोत मात्र 'मे पिके कोन ला सेरिये' म्हणजे मालिकेची चटक लागली. तिथे राग शोधू नका.

चिंचार हा मुलांच्या खोड्यांचा शब्द, चिंचे म्हणजे ढेकूण यावरून आला. मोस्केआर मोस्कावरून, म्हणजे माशी. 'एस्ता मोस्केआदो' म्हणजे थोडा रागावलाय किंवा त्याला संशय आलाय, हे संदर्भानेच ठरतं. किडे-मकोड्यांवरून त्रासाचे शब्द करायची या भाषेची खोड मला फार आवडते. व्हेनेझुएलात 'के लादीया' म्हणतात, म्हणजे 'काय कटकट आहे'. पण लादीया म्हणजे जांघेतली ऊ, तेव्हा तो औपचारिक ठिकाणी नको.

रानवारा
आता चेष्टेचा कप्पा. सगळ्यात सुरक्षित 'तोमार एल पेलो', शब्दशः केस घेणं. 'मे एस्तास तोमांदो एल पेलो?' म्हणजे 'माझी फिरकी घेतोयस का?' हे बहुतेक स्पॅनिशभाषी देशांत समजतं, ऑफिसातही चालतं. कोलंबियात 'तोमार देल पेलो' असं ऐकाल.

देशाप्रमाणे वेगळे असे:

बासिलार (स्पेनमध्ये बाथिलार; लिखाणात सुरुवातीला व्ही): पुस्तकी अर्थ 'डगमगणे, कचरणे', म्हणून 'सिन बासिलार' म्हणजे न कचरता. स्पेनमध्ये बोलीत फिरकी घेणे, आणि सूर चढला तर उद्धटपणे अंगावर येणे. मेक्सिको आणि कॅरिबियनमध्ये मजा करणे.

कारीया (मेक्सिको, विशेषतः उत्तरेकडे, तुमच्या माँतेरेत हमखास): 'एचार कारीया' म्हणजे टर उडवणे. 'नो आग्वांता कारीया' म्हणजे 'याला चेष्टा सहन होत नाही'.

कार्गार (अर्जेंटिना, उरुग्वे): इतरत्र 'वजन लादणे', इथे चिडवणे. 'मे एस्तास कार्गांदो?' हा अविश्वासाचाही उद्गार आहे: 'चेष्टा करतोस का?' फुटबॉल सामन्यानंतर हरलेल्यांना चिडवतात त्या 'कार्गादास'.

मामार गायो (कोलंबिया, व्हेनेझुएला): शब्दशः 'कोंबडा चोखणे', अर्थ फक्त थट्टा करणे. तिथे हे मित्रांत, घरात चालतं, पण 'मामार' एकटं इतर देशांत फार शिवराळ वाटतं. मेक्सिकोतलं 'नो मामेस' शिवराळ, त्याचंच सौम्य रूप 'नो मांचेस'. दोन्हींचा अर्थ 'काय सांगतोस!' व्हेनेझुएलात चिडवण्याला चालेकेआरही म्हणतात.

निळावंती
खूप आभार. होदेर, चिंगार, रोंपेर, इंचार, फ्रेगार हेही त्याच गटात दिसतात. हे वापरावेत का?

कोकणकडा
ओळखता यायला हवेत. वापरायचे तर फक्त ज्यांच्याशी मैत्री पक्की आहे त्यांच्याशी, आणि त्यांनी आधी वापरल्यावर.

होदेरचा मूळ अर्थ लैंगिक आहे. स्पेनमध्ये तो पावलोपावली उद्गार म्हणून येतो, तरी ग्राहकाला लिहिताना किंवा परीक्षेत नको. अर्जेंटिनात 'ते एस्तोय होदियेंदो' हे मित्रांत 'अरे, गंमत केली' इतकंच असतं. सौम्य पर्याय: फास्तिदियार, होरोबार.

चिंगार मेक्सिकोत शिवराळच. त्याजागी 'नो फ्रियेगेस' किंवा 'नो मोलेस्तेस'. फ्रेगार लॅटिन अमेरिकेत पिडणे, स्पेनमध्ये भांडी घासणे किंवा फरशी पुसणे. माद्रिदच्या माणसाला 'नो फ्रियेगेस' म्हटलंत तर तो भांडी ठेवून देईल, गप्प बसणार नाही.

अर्जेंटिनात 'रोंपेर लास बोलास' शिवराळ. कर्म गाळून 'नो मे रोंपास' म्हटलं की धार कमी होते. इंचार म्हणजे फुगवणे. 'नो इंचेस' म्हणजे 'पिडू नकोस', हे मित्रांत चालतं. चिलीत अंड्यावरून (वेवो) आलेलं वेवेआर आहे. त्यात पिडणं, थट्टा करणं, वेळ घालवणं सगळं येतं, आणि ते अनौपचारिकच.

शब्दपारखी
शंका आली की रॉयल स्पॅनिश अकादमीचा ऑनलाइन कोश उघडा. अर्थाआधीच्या खुणा वाचा: 'कोलोक.' म्हणजे बोलीतला, 'मालसोन.' म्हणजे असभ्य, 'आर्ज., मेक्स., कोल.' म्हणजे देश. अमेरिका खंडातल्या शब्दांसाठी अकादमींच्या संघटनेचा 2010चा अमेरिकी स्पॅनिशचा कोश अधिक कामाचा आहे. कारीया आणि चालेकेआरसारखे शब्द तिथेच शोधा. क्रियापदाबरोबर 'से' लावलेलं रूपही तपासा, कारण पिकार आणि तोकारच्या बाबतीत खरा फरक तिथेच पडतो.

निळावंती
शेवटचं: मलाच कोणी चिडवत असेल आणि सभ्यपणे थांबवायचं असेल तर?

रानवारा
स्पेन: 'बेंगा, पारा या' (चल, थांब आता). मेक्सिको: 'या पाराले' किंवा 'या एस्तुबो' (बस झालं). अर्जेंटिना: 'कोर्ताला', जोर 'ता'वर. बोगोतात तुम्ही ज्यांच्याशी 'उस्तेद' (आपल्या 'तुम्ही'सारखं) वापरता त्यांना 'देहेमे एन पास'. 'तू' वापरत असाल तर 'देहामे एन पास'. याचा सूर मात्र कडक आहे, म्हणून पहिल्यांदाच नको. आधी 'नो मे मोलेस्तेस, पोर फाबोर' ('उस्तेद'ला 'नो मे मोलेस्ते') लिहून पाहा. हे चारही शहरांत चालेल.